विमानाचं इंजिन धरणारा बोल्ट 'पास' कोण करतं?

भोसरीकर

मंडळी, गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. मुंबईत विमानाच्या मेंटेनन्सला आहे. जेवणं उरकल्यावर त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक बोल्ट काढला आणि माझ्या हातात ठेवला. इंजिन जिथे टांगतात तिथला. भंगारात काढलेला, आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून आट्यांवर करवत फिरवलेली.

मी बावीस वर्षं भोसरीत बोल्टच बनवतोय. ट्रॅक्टर, क्रेन, पवनचक्क्या. १२.९ ग्रेडचा, म्हणजे फार मजबूत पोलादाचा, माल रोजचा. मायक्रोमीटर काढून शँक, म्हणजे बोल्टाचा दांडा, मोजली, डोक्याखालची गोलाई भिंगातून पाहिली. देखणं काम आहे, शंका नाही. पण आपल्याला जमणार नाही असं त्यात मला काही दिसलं नाही. तसं म्हटलं, तर भाचा म्हणतो, "मामा, तुमचा बोल्ट याच्याहून सरस निघाला तरी मी तो लावू शकत नाही."

मला ते लागलं. रात्री झोप नाही आली.

तर जाणकारांनी सांगावं. या बोल्टात नक्की काय तपासतात? तो पास झाला असं कुणी म्हणायचं, सही कुणाची? आणि माझ्यासारख्या चाळीस माणसांच्या शॉपला या धंद्यात शिरता येतं का, की ते दार आपल्यासाठी नाहीच?

चिंतू_चौकस

जागा पकडून बसतो. पॉपकॉर्न नाही, चकली आहे.

पानाबहाद्दर

मामा (भाच्याच्या व्यवसायातला, म्हणून मीही मामाच म्हणतो), मी बी-१ लायसन्सवाला एएमई, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअर, सतरा वर्षं हेच काम. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. बोल्ट वस्तू म्हणून पास होणं वेगळं, आणि तो विमानाला लावल्यावर ते काम पास होणं वेगळं.

आधी वस्तूचं बघू. एएन, एमएस, एनएएस या ठरलेल्या मालिकांतला बोल्ट असेल तर बनवणाऱ्याचं सी-ऑफ-सी पुरतं. माल अमुक प्रमाणाबरहुकूम आहे, एवढं तो लिहून देतो. पण इंजिन माउंटचा (इंजिन टांगायच्या जोडाचा) बोल्ट बहुतेक वेळा विमान किंवा इंजिन बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पार्ट नंबरचा असतो. त्याला रिलीज सर्टिफिकेट लागतं. अमेरिकेहून आला तर एफएए ८१३०-३, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १, आपल्याकडचा असेल तर सीए फॉर्म १. त्या कागदावर पार्ट नंबर, बॅच किंवा सिरियल नंबर, आणि मान्यता असलेल्या संस्थेची सही. कागद नसेल तर स्टोअर बोल्ट आतच घेत नाही. तो क्वारंटाइनच्या जाळीत जाऊन पडतो, मग कितीही चकाकू दे.

आता लावण्याचं. पार्ट नंबर कॅटलॉगमधून घ्यायचा, जुन्या बोल्टावरून नाही. आट्यांना मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच वंगण, तिथेच आणि तेवढंच. टॉर्क रेंच कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला नको. आणि इंजिन माउंटसारख्या कामाला दुसरी स्वतंत्र तपासणी लागते: ज्याने आवळलं त्याने ती करायची नाही. हे सगळं झालं की सीएआर-१४५ ची (विमान दुरुस्ती संस्थांच्या नियमाची) मान्यता असलेल्या संस्थेच्या वतीने माझ्यासारखा सीआरएसवर (काम नीट झाल्याच्या दाखल्यावर) सही करतो, म्हणजे विमान उडायला मोकळं. माझं नाव, माझा नंबर. रात्री तीनला सही करताना हात एक क्षण थांबतोच, अजूनही.

अंदाज यावा म्हणून सांगतो. बोइंग ७३७ च्या सीएफएम५६-७बी इंजिनाचं नुसतं कोरडं वजन २,३७० किलोच्या आसपास. टेकऑफला ते बारा टनांच्या जोराने विमानाला ढकलतं. आणि हा सगळा व्यवहार मोजक्या बोल्टांवर चालतो.

चिंतू_चौकस

मग वेल्डच का करत नाहीत? कटकट मिटली.

पानाबहाद्दर

@चिंतू, इंजिन काढावं लागतं हो! शॉपला जातं, दुसरं चढतं. शिवाय वेल्डच्या कडेला तडा कधी सुरू झाला ते शोधणं बोल्टापेक्षा अवघड. बोल्ट काढून हातात घेता येतो, तपासता येतो, फेकता येतो. हाच त्याचा मोठा गुण.

चुंबकसूत्र

भोसरीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी बोलू शकेन. मी एनडीटीमध्ये (माल न मोडता दोष शोधायच्या तपासणीत) लेव्हल २ आहे, एनएएस ४१० प्रमाणे. रोजचे आठ तास अंधाऱ्या खोलीत जातात.

बोल्ट चुंबकीय पोलादाचा असेल तर मॅग्नेटिक पार्टिकल. आधी स्वच्छ धुवायचा, तेलाचा अंशही नको. मग दोन टोकांत धरून त्याच्यातून करंट सोडायचा. त्याने चुंबकीय क्षेत्र बोल्टाभोवती गोल फिरतं आणि लांबीच्या दिशेचे तडे उघडे पडतात. तेवढ्यावर थांबायचं नाही. नंतर बोल्ट कॉइलमध्ये घालायचा, म्हणजे क्षेत्र लांबीतून जातं आणि आडवे तडे दिसतात. बोल्टाचा जीव घेतो तो आडवा तडा. तो सापडतो मुख्यतः दोन ठिकाणी: डोक्याखालच्या गोलाईत, आणि नट बसतो तिथल्या पहिल्या आट्याच्या मुळाशी.

वरून लोखंडी कणांचं चमकणारं द्रावण सोडायचं आणि यूव्ही दिव्याखाली पाहायचं. दिव्याची तीव्रता ३८ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला किमान १,००० मायक्रोवॅट हवी, ती तपासून लिहून ठेवायची. खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला किमान एक मिनिट थांबायचं. उन्हात काळा होणारा चष्मा घालून तपासणी करायला सक्त मनाई. शेवटी बोल्टातलं चुंबकत्व काढायचं, ३ गॉसच्या आत.

इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमचा बोल्ट असेल तर चुंबकाचा उपयोग नाही. तिथे फ्लुरोसंट पेनिट्रंट. द्रव लावून किमान दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, डेव्हलपर मारायचा, आणि तड्यातून तो परत वर यायची वाट पाहायची.

आता तडा दिसतो कसा ते सांगते. पहिल्यांदा काही दिसतच नाही. जांभळट काळोखात बोल्ट बोटांनी हळूहळू फिरवायचा. आट्यांच्या खोबणीत थोडं द्रावण साचतंच, ते धुरकट हिरवं दिसतं, त्याला किनार नसते. आणि मग कधीतरी एक रेघ येते. केसाएवढी. पिवळट हिरवी, धारदार, दोन्ही टोकांना निमुळती. पुसून पुन्हा द्रावण सोडलं की त्याच जागी, तशीच परत येते. मी आठ वर्षांत अशी रेघ मोजक्या वेळाच पाहिली. प्रत्येक वेळी पोटात गोळा आला. बाहेर ट्यूबलाइटखाली नेऊन पाहिलं तर तोच बोल्ट अगदी नवा वाटतो.

तुमचं भिंग चांगलं असेल. पण भिंगातून हे दिसत नाही.

अनुजा_प

बाप रे, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

मेटलर्जी_मास्तर

चुंबकसूत्र यांनी फार नेमकं लिहिलंय. त्याच्या मागची बाजू मांडतो. पुण्यात तीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तपासणीत चांगुलपणा घालता येत नाही. तो बनवतानाच घालावा लागतो, आणि त्यातल्या काही गोष्टी नंतर दिसतच नाहीत. हायड्रोजनचं उदाहरण घ्या. भोसरीकर, तुमच्या १२.९ ला तुम्ही इलेक्ट्रोप्लेटिंग करता का? केलं असेल तर हा अनुभव असेल: बोल्ट तपासणीत पास, टॉर्कला पास, गिऱ्हाइकाकडे गेला, आवळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं खाली पडलेलं. कुणी हातही लावला नव्हता. पिकलिंगच्या ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. बोल्ट ताणाखाली आला की तो ताण जिथे जास्त तिथे सरकत जातो आणि पोलाद काचेसारखं तुटतं. पोलाद जितकं कडक, तितका धोका मोठा.

उपाय माहीत आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत, साधारण १९० अंश सेल्सियसला, ताकदीप्रमाणे ३ तासांपासून २३ तासांपर्यंत. पण प्लेटिंगनंतर भट्टीत जायला चार तास लागले की चौदा, हे तयार बोल्टाकडे पाहून कोण सांगेल? मायक्रोमीटर नाही, भिंग नाही, चुंबकही नाही. ते सांगतो फक्त त्या लॉटचा कागद, आणि त्याच भट्टीत गेलेला चाचणीचा तुकडा. तो खाच पाडलेला तुकडा ७५ टक्के भाराखाली २०० तास टांगून ठेवतात. तुटला नाही तर प्रक्रिया ठीक.

म्हणून तुमच्या भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. तो तुमच्या हाताला कमी लेखत नाही. त्या बोल्टाचं पूर्वचरित्र त्याच्याकडे नाही, एवढंच तो सांगतोय.

अजून एक जाता जाता. इथे आटे हीट ट्रीटमेंटनंतर रोल करतात, कापत नाहीत. रोलिंगमुळे मुळाशी दाबाचा ताण राहतो आणि थकव्याला (भार वारंवार चढून-उतरून जाणाऱ्या तड्याला) बोल्ट जास्त दिवस पुरतो. पहिल्या आट्यावरच भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा येतो, म्हणून हे महत्त्वाचं.

स्पष्टवक्ता

सगळं मान्य, पण एक विचारतो. हे कागदांचं जंजाळ खरंच सुरक्षिततेसाठी आहे की चार बड्या कंपन्यांची मक्तेदारी टिकवण्यासाठी? मीही वीस वर्षं सप्लायर आहे, ऑडिट पाहिलेत. ऑडिटर येतो, फायली उघडतो, चहा पितो, जातो. कागद खोटा करायला कितीसा वेळ लागतो? लॉटचं कार्ड संध्याकाळी एकत्र बसून भरणारे लोक मी पाहिलेत. तो बोल्ट आकाशात कागदाच्या जोरावर टिकत नाही, पोलादाच्या जोरावर टिकतो.

वाळवंटातला_वडापाव

@स्पष्टवक्ता, आखातात लाइन मेंटेनन्सला आहे. तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि त्या अर्ध्यासाठीच नियम कडक झाले.

८ सप्टेंबर १९८९. नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० विमान ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालं होतं. एका जहाज कंपनीचे लोक नव्या जहाजाच्या नामकरणाला चालले होते. डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ विमानाची शेपटी मोडली. ५५ माणसं, एकही वाचला नाही. शेपटीचा उभा पंख धरणारे बोल्ट आणि त्यांच्या स्लीव्ह बनावट निघाल्या, हव्या त्या ताकदीच्या नव्हत्याच. दिसायला असलीसारख्या. त्या प्रकरणानंतर बनावट सुट्या भागांचा विषय जगभर गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

दुसरं उदाहरण. यात लबाडी अजिबात नव्हती, म्हणून ते मला जास्त छळतं. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन, बर्मिंगहॅमहून मालागाला. १७,००० फुटांच्या वर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने पाय धरून ठेवले. सहवैमानिकाने साउदम्प्टनला उतरवलं, कॅप्टन जगला. काच या उड्डाणाआधी सत्तावीसएक तास, रात्रीच्या पाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने सव्वीस हजारांश इंच बारीक होते, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेले सहा लांबीला कमी. काम करणारा अनुभवी माणूस होता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन खणातल्या बोल्टांशी ताडून पाहिला, कॅटलॉग उघडला नाही. आणि काढलेले जुने बोल्टही मुळात चुकीचेच होते, चार वर्षं टिकले एवढंच. काचेच्या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी तेव्हा सक्तीची नव्हती.

आमच्या ट्रेनिंगला हे दर दोन वर्षांनी येतं. प्रत्येक वेळी मला त्या माणसाच्या बोटांमध्ये स्वतःची बोटं दिसतात.

स्पष्टवक्ता

दोन्ही घटना माहीत नव्हत्या. वाचून गप्प बसलो होतो. तरी माझा मुद्दा पुरता मेला नाही, परत येतो.

निवृत्त_वायुसैनिक

तरुण मंडळी चांगलं लिहिताहेत. माझी एक गोष्ट सांगतो, ठिकाण आणि साल सांगणार नाही.

मी तेव्हा चोविशीतला. इंजिन बदलून झालं होतं, पहाटेचा शेवटचा तास, थंडी अशी की पाना हाताला चिकटायचा. माउंटच्या बोल्टाच्या डोक्याखाली जो वायसर येतो त्याच्या भोकाला एका बाजूने चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड असते. ती बाजू डोक्याकडेच हवी. कारण डोकं आणि शँक यांच्यामध्ये गोलाई असते, तिला बसायला जागा लागते. वायसर उलटा पडला तर त्याची धारदार कड त्या गोलाईत रुतते. तुम्ही आवळता, टॉर्क बरोबर येतो, सगळं छान. आणि तडा सुरू व्हायला एक जागा तुम्हीच करून देता.

तपासायला आमचे वॉरंट ऑफिसर आले. केरळचे होते, हिंदी मोडकं. त्यांनी टॉर्क पाहिला, लॉकवायर पाहिली, आणि मला विचारलं, "वॉशर का चॅम्फर किधर है?" मी म्हटलं, बरोबर लावलंय सर. ते म्हणाले, "देखा, या याद है?" मला आठवेना. हात सवयीने चालले होते. ते एवढंच म्हणाले, "याद नहीं, तो खोलो."

सगळे खोलले. एक वायसर उलटा होता. बोल्टाच्या गोलाईत नखाला लागेल अशी बारीक रेघ उमटली होती. तो बोल्ट त्यांनी माझ्यासमोर लाल टॅग लावून बाजूला ठेवला. ओरडले नाहीत. नवा बोल्ट आला तेव्हा वायसर स्वतःच्या बोटावर ठेवून त्यांनी मला चॅम्फर चाचपायला लावली, डोळे मिटून. मी आज एकाहत्तर वर्षांचा आहे. नळाचा वायसर बदलतानाही अंगठा आधी कडेवरून फिरतो.

चुंबकसूत्र

काका, दंडवत. आमच्याकडे लाल टॅगचे बोल्ट येतात तेव्हा अशीच रेघ कधीकधी दिसते. तिच्यामागे काय घडलं असेल ते आज कळलं.

चिंतू_चौकस

आत्ता घरातला नळ खोलून बसलोय. बायको विचारतेय पाणी कुठे गेलं. धाग्याला दोष दिलाय.

अनुजा_प

एक बावळट प्रश्न विचारू का? मी पुणे-दिल्ली नेहमी करते, पंखाच्या वरची सीट मिळते. ढगात शिरलं की इंजिन चक्क हलताना दिसतं. हा धागा वाचल्यापासून ते आठवून घाम फुटतोय.

पानाबहाद्दर

@अनुजा, मुळीच बावळट नाही. ते हलायलाच हवं. इंजिन पायलॉनला (पंखाखाली इंजिन धरणाऱ्या सांगाड्याला), पायलॉन पंखाला, आणि पंख लवचिक. ताठ बांधलं असतं तर सगळा मार जोडांवर आला असता.

पण तुमच्या प्रश्नातून एक फार सुंदर गोष्ट निघते, ती सांगतोच. यातले काही बोल्ट आणि पिना वेळ आली तर *तुटाव्यात* म्हणूनच बनवलेल्या असतात. ७३७ च्या जुन्या २०० मॉडेलला कोन बोल्ट (शंकूच्या आकाराचे) होते. इंजिन अचानक जाम झालं किंवा भयंकर हादरायला लागलं, तर पंख फाटण्यापेक्षा बोल्ट तुटून इंजिन सुटं व्हावं, हा विचार. म्हणजे बोल्ट एका मर्यादेपर्यंत अजिबात तुटायचा नाही, आणि त्यापलीकडे नक्की तुटायचा. मामा, इथे 'सरस' म्हणजे जास्त मजबूत असं नसतं. तुमचा बोल्ट अधिक ताकदीचा निघाला तर तोही नापास!

पण हेच बोल्ट थकले तर? १९८७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाला, मग २० जानेवारी १९८९ ला शिकागोला, ७३७-२०० चं इंजिन हवेत गळून पडलं. दोन्ही वेळा मागचा कोन बोल्ट. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. त्यानंतर अल्ट्रासॉनिक तपासण्या आल्या. तरी ७ नोव्हेंबर २००७ ला केप टाउनहून निघालेल्या नेशनवाइडच्या विमानाचं उजवं इंजिन टेकऑफलाच पडलं. पुन्हा मागचा कोन बोल्ट, पुन्हा थकव्याचा तडा. शंभरावर माणसं होती आत, सगळी वाचली. वैमानिकांनी एका इंजिनावर फिरवून विमान परत आणलं.

वाळवंटातला_वडापाव

आणि जे वाचले नाहीत तेही सांगायला हवं. ७४७ च्या पायलॉनला फ्यूज पिना होत्या, कल्पना तीच. २९ डिसेंबर १९९१ ला तैवानमध्ये चायना एअरलाइन्सचं मालवाहू, आणि दहा महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९९२ ला, ॲम्स्टरडॅममध्ये एल अलचं मालवाहू. आतल्या बाजूचं इंजिन सुटलं, जाताजाता बाहेरचंही घेऊन गेलं. ॲम्स्टरडॅमला ते विमान बाइलमरच्या इमारतींवर कोसळलं. अधिकृत आकडा ४३, त्यात विमानातले फक्त चार. बाकीचे रविवारी संध्याकाळी घरात होते. पुढे त्या पिनांचा आकार आणि धातू दोन्ही बदलले.

स्पष्टवक्ता

परत आलो. शिकागोचा १९७९ चा अपघात वाचला रात्री जागून. २५ मे, अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१०, टेकऑफला डावं इंजिन पायलॉनसकट उखडलं, २७३ बळी. आणि बोल्ट निर्दोष होते! इंजिन आणि पायलॉन वेगवेगळे काढायचे सोडून एकत्रच फोर्कलिफ्टने काढायची पद्धत पडली होती, कारण दर विमानामागे २०० मनुष्यतास वाचायचे. त्यात पायलॉनच्या मागच्या भागाला तडा गेला. कागद सगळे जागेवर असणार. मग कागदाने काय वाचवलं?

पानाबहाद्दर

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बनवणाऱ्याने सांगितलेली रीत सोडली. आधी इंजिन काढा, मग पायलॉन, असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या एका कंपनीत हाच तडा आधी सापडला होता, त्यांनी दुरुस्त केला, पण ती खबर बाकीच्यांपर्यंत नीट पोचलीच नाही. मी म्हणेन, तिथे कागद जास्त नव्हता, कमी पडला.

आणि हा विषय इतिहासजमा झालेला नाही. ४ नोव्हेंबर २०२५ ला लुईव्हिलला यूपीएसचं एमडी-११, त्याच घराण्यातलं विमान, पुन्हा डावं इंजिन पायलॉनसकट. चौकशीच्या पहिल्या अहवालात मागच्या जोडाच्या कानांमध्ये थकव्याचे तडे नोंदवलेत. म्हणजे ज्या कानातून बोल्ट जातो तो कान. नुसता बोल्ट पास करून भागत नाही, तो ज्यात बसतो ते भोक, बुश, बेअरिंग, सगळं त्याच नजरेने बघावं लागतं.

मेटलर्जी_मास्तर

यात टॉर्कचाही भ्रम आहे. आपण रेंचने जेवढी ताकद लावतो त्यातली साधारण निम्मी डोक्याखालच्या घर्षणात जाते, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दहाएक टक्केच बोल्ट ताणायला उरते. आट्यांना चुकीचं वंगण लागलं तर रेंच तोच आकडा दाखवतो, बोल्ट मात्र भलताच ताणला जातो. आणि बोल्ट ढिला राहिला तर प्रत्येक हादऱ्याचा मार तोच खातो. नीट ताणलेल्या बोल्टाला बाहेरच्या भाराची चढउतार फारशी जाणवत नाही. थकवा ढिल्या बोल्टाला आधी गाठतो.

भोसरीकर

चार दिवस फक्त वाचत होतो. सगळ्यांचे आभार, काकांचे विशेष. मास्तर, तुम्ही लिहिलेला तो सकाळी डोकं पडलेला बोल्ट... २०११ मध्ये माझ्याकडे झालं होतं. क्रेनचे होते. गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला. आम्ही हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडलो, स्टीलवाल्याशी भांडलो. कारण आज कळलं.

आता तिसरा प्रश्न राहिलाच. शिरता येतं का?

वाळवंटातला_वडापाव

येतं, पण मुख्य दरवाजातून लगेच नाही. आधी एएस९१००, विमानउद्योगाची गुणवत्ता पद्धत. मग हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, एनडीटी या खास प्रक्रियांना नॅडकॅपची मान्यता. तुम्ही स्वतः करणार नसाल तर मान्यता असलेल्यांकडूनच करून घ्यायच्या. पहिल्या नगाची तपासणी ड्रॉइंगवरच्या एकेका मापानिशी, एएस९१०२ च्या नमुन्यात. आणि काम मिळतं ते आधी ब्रॅकेट, बुश, जिगचं. इंजिन माउंटचा बोल्ट फार नंतर. नाशिक, पुणे, बेळगावातले लोक असेच वर आलेत.

निवृत्त_वायुसैनिक

नाशिकजवळचा ओझरचा एचएएलचा विमान कारखाना जवळ आहे, विसरू नका. मिगपासून सुखोईपर्यंत तिथे विमानं बनली, आता तेजसही. आजूबाजूच्या लहान शॉपांना काम लागतंच.

स्पष्टवक्ता

भोसरीकर, ऑडिटची तयारी करताना अडलात तर मला निरोप टाका. फायली कशा लावतात ते मला पाठ आहे. आणि हो, संध्याकाळी एकत्र बसून कार्डं भरायची नाहीत. हे मी आता माझ्याकडेही बंद केलंय, परवापासून.

भोसरीकर

जरा उशिरा अपडेट देतोय. मागच्या आठवड्यात आमच्या प्लेटिंगवाल्याकडे न सांगता गेलो. पंधरा वर्षांचा संबंध आहे, घरचा माणूस. विचारलं, संध्याकाळी टाकीतून निघालेला माल भट्टीत कधी जातो? म्हणाला, "सकाळी. रात्री भट्टी कोण लावणार?" पंधरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

दोघं बसलो. संध्याकाळी चारनंतर माझा कडक माल टाकीत घालायचा नाही, असं ठरलं. लॉटच्या कार्डावर दोन नवे रकाने केले, टाकीतून बाहेर किती वाजता आणि भट्टीत किती वाजता. कालच्या लॉटचं लिहून आलंय: दुपारी १:१०, २:२५. भाच्याला फोटो पाठवला.

चुंबकसूत्र

छान! खाली सही कुणाची आहे?

भोसरीकर

भट्टीवरच्या पोराची. बाजूला उभा राहिलो होतो. त्याने आधी घड्याळ पाहिलं, मग लिहिलं.

चिंतू_चौकस

नळ बसला. चॅम्फर पाहून लावलाय.